रिफ्लेक्शन वापरताना वारशाने आलेल्या मेथड्स गाळायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा: एखाद्या क्लासमध्ये आपण स्वतः लिहिलेल्या मेथड्सचीच यादी हवी आहे. रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्रामने चालू असताना स्वतःचेच क्लास आणि मेथड्स तपासण्याच्या सोयीने, यादी मागितली की तिच्यात वेट(), नोटिफाय(), हॅशकोड() आणि मधल्या बेस क्लासमधल्या डझनभर मेथड्सही येतात. त्या वगळायच्या कशा?

जावापुरते छोटे उत्तर: गेटमेथड्स() ऐवजी गेटडिक्लेअर्डमेथड्स() वापरा आणि आलेल्या यादीतून ज्यांचे इझसिंथेटिक() खरे येते त्या (कंपायलरने स्वतः घातलेल्या) मेथड्स काढून टाका. सी-शार्पमध्ये डिक्लेअर्डओन्ली हा बाइंडिंग-फ्लॅग लावा, पायथनमध्ये डिर() ऐवजी व्हार्स() वापरा. पुष्कळांचे काम एवढ्यावर भागते. ज्यांचे भागत नाही, त्यांच्यासाठी पुढचे सगळे.

आधी एक गोष्ट ठरवून घ्या, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. ‘माझ्या क्लासच्या मेथड्स’ म्हणजे नक्की कोणत्या? पालक क्लासमधली मेथड तुम्ही ओव्हरराइड केली (आपल्या क्लासमध्ये नव्याने लिहिली) असेल तर ती तुमची की वारशाची? मधल्या बेस क्लासमधली, पण तुमच्याच प्रकल्पात लिहिलेली मेथड हवी की नको? इंटरफेसमधून आलेल्या डिफॉल्ट मेथडचे काय? प्रायव्हेट मेथड्स मोजायच्या का? गेटडिक्लेअर्डमेथड्स() याची उत्तरे परस्पर देऊन टाकते: ओव्हरराइड केलेली धरते, प्रायव्हेट धरते, मधल्या क्लासची वगळते, डिफॉल्टही वगळते. तुम्हाला नेमके हेच हवे असेल तर उत्तम. कमांड नोंदवणारी यंत्रणा, सिरियलायझर किंवा टेस्ट-रनर लिहीत असाल तर बहुधा नको असेल.

एक उदाहरण घेऊ आणि त्यातल्या मेथड्स मोजू. ‘दस्तऐवज’ हा पब्लिक ॲबस्ट्रॅक्ट क्लास. त्यात पब्लिक जतन(), प्रोटेक्टेड तपास(), प्रायव्हेट नोंद() आणि ‘दस्तऐवज’ परत करणारी पब्लिक प्रत(). त्याचा सबक्लास ‘अहवाल’, जो कम्पेअरेबल<अहवाल> हा इंटरफेसही पाळतो. ‘अहवाल’मध्ये हाताने लिहिलेल्या चार मेथड्स: पब्लिक छाप(), प्रायव्हेट मांडणी(), कम्पेअरटू(अहवाल), आणि प्रत() चे ओव्हरराइड, जे आता ‘अहवाल’ परत करते.

‘अहवाल’वर गेटमेथड्स() चालवले तर १५ मेथड्स मिळतात. त्यातल्या ९ थेट ऑब्जेक्टच्या: इक्वल्स, हॅशकोड, टूस्ट्रिंग, गेटक्लास, नोटिफाय, नोटिफायऑल आणि वेटची तीन रूपे. जतन() ही एक वारशाची. राहिलेल्या पाच ‘अहवाल’च्या नावावर. पण पब्लिक मेथड्स तर तीनच लिहिल्या होत्या! गेटडिक्लेअर्डमेथड्स() चालवले तर हे जास्तीचे दोन पाहुणे उघड दिसतात:

छाप() → व्हॉइड
मांडणी() → व्हॉइड
प्रत() → अहवाल
प्रत() → दस्तऐवज
कम्पेअरटू(अहवाल) → इंट
कम्पेअरटू(ऑब्जेक्ट) → इंट

लिहिल्या चार, आल्या सहा. चौथी आणि सहावी कंपायलरने घातलेली ब्रिज मेथड आहे. जावाच्या बाइटकोडमध्ये मेथडची ओळख नाव, पॅरामीटर आणि रिटर्न टाइप या तिन्हींवरून ठरते. ‘दस्तऐवज’ परत करणारी प्रत() बोलावणाऱ्या जुन्या कोडला ‘अहवाल’ परत करणारी प्रत() सापडणारच नाही, म्हणून कंपायलर मध्ये एक छोटी मेथड टाकतो आणि ती खऱ्या मेथडला बोलावते. जेनेरिक्समध्येही (टाइप बाहेरून देता येणाऱ्या क्लासमध्ये) तेच: कंपाइल होताना कम्पेअरेबलचा टाइप पुसला गेल्यावर त्यात उरते कम्पेअरटू(ऑब्जेक्ट), आणि ती कोणीतरी पुरवावी लागते.

या मेथड्सवर ब्रिज आणि सिंथेटिक असे दोन्ही फ्लॅग असतात. इझब्रिज() किंवा इझसिंथेटिक() विचारले की त्या ओळखू येतात. मॉडिफायर.टूस्ट्रिंग() ला मेथडचे मॉडिफायर दिल्यावर मध्येच ‘व्होलाटाइल’ शब्द छापलेला दिसला तर दचकू नका. ब्रिजचा बिट आणि फील्डवरच्या व्होलाटाइलचा बिट एकच आहे, ०एक्स००४०. मेथडवर व्होलाटाइल असूच शकत नाही, त्यामुळे तो शब्द दिसला की समोर ब्रिज आहे असे समजा.

आता एक सापळा. ब्रिज नकोत म्हणून पुष्कळ लोक गेटमेथड्स() च्या यादीवरच ‘इझब्रिज नसलेल्या’ असा फिल्टर लावतात. वरच्या उदाहरणात तो बरोबर चालतो. आता ‘दस्तऐवज’वरचा पब्लिक काढा, म्हणजे तो फक्त पॅकेजपुरता दिसेल, ‘अहवाल’ पब्लिकच ठेवा. लगेच कंपायलर ‘अहवाल’मध्ये जतन() नावाची ब्रिज घालतो, जरी ती तुम्ही ओव्हरराइड केलेली नसली तरी. कारण असे: मेथड पब्लिक आहे, पण तिचा क्लास बाहेरून दिसत नाही. अशी मेथड दुसऱ्या पॅकेजमधून इन्व्होक() केली (रिफ्लेक्शनने चालवली) तर इल्लीगल-ॲक्सेस एक्सेप्शन येईल. ते टाळण्यासाठी दिसणाऱ्या क्लासमध्ये तिची ब्रिज ठेवली जाते. परिणाम दोन. गेटडिक्लेअर्डमेथड्स() आता सात मेथड्स देते. आणि गेटमेथड्स() च्या यादीत मूळ जतन() नसतेच, तिच्या जागी ही ब्रिज असते. फिल्टरने ब्रिज काढली की जतन() पूर्ण गायब. खरी, पब्लिक, चालणारी मेथड यादीतून नाहीशी होते आणि एररही येत नाही. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत याचे ठळक उदाहरण आहे: स्ट्रिंगबिल्डर पब्लिक आहे, त्याचा पालक ॲबस्ट्रॅक्टस्ट्रिंगबिल्डर नाही. तिथे हा फिल्टर लावून लेंग्थ() शोधून पाहा.

म्हणून नियम असा धरावा: ‘फक्त याच क्लासमध्ये लिहिलेल्या’ हव्या असतील तर ब्रिज बिनधास्त फेका. ‘या क्लासवर बोलावता येतील अशा सगळ्या’ हव्या असतील तर ब्रिज फेकण्याआधी तिची जोडीदार खरी मेथड यादीत आहे ना, ते तपासा. जोडीदार म्हणजे तेच नाव, तितकेच पॅरामीटर, आणि पॅरामीटर व रिटर्न टाइप ब्रिजच्या टाइपांना चालणारे. जोडीदार नसेल तर ब्रिज राहू द्या. स्प्रिंग हे जावाचे फ्रेमवर्क वापरत असाल तर हे सगळे हाताने लिहू नका; ब्रिजमेथडरिझॉल्व्हर नावाचा क्लास नेमके हेच काम करतो.

ब्रिजशिवाय आणखीही कंपायलरची पिल्ले असतात. क्लासमध्ये लॅम्ब्डा (बिननावाचे छोटे फंक्शन) लिहिला की लॅम्ब्डा$मेन$० अशा नावाची प्रायव्हेट मेथड गेटडिक्लेअर्डमेथड्स() मध्ये येते. ती सिंथेटिक असते पण ब्रिज नसते, म्हणून फक्त इझब्रिज() तपासणाऱ्यांच्या हातून ती निसटते. कोटलिनमध्ये डिफॉल्ट किमतीचे पॅरामीटर असले की नावाच्या शेवटी $डिफॉल्ट लागलेली स्टॅटिक मेथड दिसते, तीही सिंथेटिक. जाकोकोने टेस्ट-कव्हरेज मोजताना तर क्लास लोड होतानाच त्यात $जाकोकोइनिट नावाची स्टॅटिक मेथड आणि $जाकोकोडेटा हे फील्ड घुसवले जाते. ‘माझ्या मशीनवर टेस्ट पास, बिल्ड सर्व्हरवर मेथड्सची संख्या एकने जास्त’ अशी तक्रार आली की पहिला संशय याच्यावर घ्या. तीही सिंथेटिक असल्यामुळे इझसिंथेटिक() चा एकच फिल्टर तिघींना पुरतो.

पुरत नाही तो इनम (ठरावीक किमतींची यादी असलेला क्लास) आणि रेकॉर्ड (नुसता डेटा ठेवणारा क्लास) यांना. इनमच्या व्हॅल्यूज() आणि व्हॅल्यूऑफ() कंपायलर लिहितो, तरी त्यांच्यावर सिंथेटिकचा फ्लॅग नसतो, कारण भाषेच्या नियमानेच त्या तिथे असायला हव्यात. रेकॉर्डमधल्या ॲक्सेसर मेथड्स, इक्वल्स(), हॅशकोड() आणि टूस्ट्रिंग() यांचेही तसेच. रेकॉर्डमध्ये टूस्ट्रिंग() हाताने लिहिली की कंपायलरने पुरवली, हे मेथडच्या फ्लॅगवरून खात्रीने कळत नाही. ॲक्सेसर वगळायच्या असतील तर गेटरेकॉर्डकॉम्पोनंट्स() मागवा, प्रत्येक कॉम्पोनंटची गेटॲक्सेसर() घ्या आणि यादीतून वजा करा. इनमसाठी इझइनम() तपासून त्या दोन मेथड्स नावाने वजा कराव्या लागतात. नावावरून गाळण्याला माझा विरोध आहे, पण इथे इलाज नाही. निदान नावासोबत पॅरामीटर आणि स्टॅटिक असणे तरी तपासा.

नावाचा विषय निघालाच आहे तर, ‘वेट, नोटिफाय, हॅशकोड…’ अशी काळी यादी बनवून मेथड्स गाळणारा कोड सर्रास दिसतो. ती यादी दोन्ही बाजूंनी फसते. कोणी बुकिंगच्या क्लासमध्ये नोटिफाय(ग्राहक) लिहिले तर ती निष्कारण गळते, आणि मधल्या बेस क्लासच्या मेथड्स तशाच राहतात. मेथड कुठे लिहिली आहे ते गेटडिक्लेअरिंगक्लास() अचूक सांगते. ऑब्जेक्टच्या नऊ काढायला तेवढी एक तुलना पुरते: डिक्लेअरिंग क्लास ऑब्जेक्ट नसला पाहिजे. मात्र ‘अहवाल’मध्ये टूस्ट्रिंग() ओव्हरराइड केली असेल तर तिचा डिक्लेअरिंग क्लास ‘अहवाल’ येतो आणि ती यादीत राहते. हे बरोबर आहे की नाही, ते सुरुवातीला ठरवलेल्या अर्थावर अवलंबून.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त लागणारी पद्धत या दोन टोकांच्या मधली असते: माझ्या प्रकल्पातले क्लास हवेत, पण फ्रेमवर्कच्या बेस क्लासपाशी थांबायचे. बीन-प्रॉपर्टीज (गेट-सेट मेथड्सवरून ओळखल्या जाणाऱ्या किमती) हव्या असतील तर जावात हे तयार मिळते. इंट्रोस्पेक्टरच्या गेटबीनइन्फो() ला दुसरा पॅरामीटर म्हणून थांबण्याचा क्लास देता येतो. तो क्लास आणि त्याच्या वरचे सगळे वगळले जाते. तिथे ऑब्जेक्ट दिला की गेटक्लास() मुळे उगाच दिसणारी ‘क्लास’ नावाची प्रॉपर्टी जाते. दिलेला थांबा-क्लास वंशावळीत नसेल तर एक्सेप्शन येते, हे चांगलेच आहे.

साध्या मेथड्ससाठी हा फेरा स्वतः मारावा लागतो, आणि तसेही त्याला पर्याय नाही: गेटमेथड्स() वारशातल्या प्रोटेक्टेड मेथड्स देत नाही, गेटडिक्लेअर्डमेथड्स() वारशातले काहीच देत नाही, आणि ‘माझ्या सगळ्या अधिक पालकाच्या प्रोटेक्टेड’ देणारी तिसरी मेथड अस्तित्वात नाही. फेरा असा: हातातल्या क्लासपासून सुरू करा, गेटडिक्लेअर्डमेथड्स() घ्या, सिंथेटिक काढा, उरलेल्या लिंक्डहॅशमॅपमध्ये ‘आधी नसेल तरच’ भरा, मग गेटसुपरक्लास() ने वर चढा, थांबा-क्लास आला किंवा नल मिळाला की थांबा. नलची तपासणी हवीच, कारण इंटरफेसला सुपरक्लास नसतो आणि कोणीतरी कधीतरी तुमच्या कोडला इंटरफेस देणारच. दिशा खालून वर हीच ठेवा, म्हणजे ओव्हरराइड आधी नोंदले जाते आणि पालकाची प्रत आपोआप वगळली जाते.

मॅपची किल्ली काय असावी यावर सगळे अवलंबून आहे. फक्त नाव ठेवले तर ओव्हरलोड गिळले जातात: छाप() आणि छाप(इंट) यांतली एकच उरते. नाव आणि पॅरामीटर-टाइपांची यादी, ही किल्ली योग्य. रिटर्न टाइप किल्लीत घालू नका, नाहीतर पालकाची प्रत() आणि मुलाची प्रत() वेगळ्या समजल्या जातील. पॅरामीटर ॲरे म्हणून किल्लीत टाकला तर ॲरेची तुलना ओळखीवर होते आणि कोणतीच किल्ली जुळत नाही. त्याची लिस्ट करून टाका. प्रायव्हेट मेथड्स ओव्हरराइड होत नाहीत, म्हणून त्यांच्या किल्लीत डिक्लेअरिंग क्लासही घाला. पॅकेजपुरत्या मेथड्सचे त्याहून नाजूक: दुसऱ्या पॅकेजमधल्या सबक्लासने त्याच नावाची मेथड लिहिली तरी ते ओव्हरराइड ठरत नाही, म्हणून तिथे किल्लीत पॅकेज.

एवढे करूनही जेनेरिक पालक एक खोडी काढतो. पालक क्रिया<टी> मध्ये चालव(टी) आहे आणि मुलाने चालव(अहवाल) लिहिले आहे. टाइप पुसल्यावर पालकाची मेथड चालव(ऑब्जेक्ट) होते. किल्ल्या वेगळ्या, म्हणून यादीत दोन्ही. इथे मघाशी फेकलेली ब्रिज उपयोगी पडते: मुलातल्या चालव(ऑब्जेक्ट) या ब्रिजचा मेथड-ऑब्जेक्ट यादीत घेऊ नका, पण तिची किल्ली ‘व्यापलेली’ म्हणून नोंदवून ठेवा. वर गेल्यावर पालकाची चालव(ऑब्जेक्ट) त्या किल्लीला अडखळते आणि आत येत नाही. अपवाद तोच, वर सांगितलेली दृश्यतेपुरती ब्रिज: तिला स्वतःच्या क्लासमध्ये जोडीदार नसतो, म्हणून तिची किल्ली व्यापायची नाही, म्हणजे पालकाची मूळ मेथड सापडेल. तशी सापडलेली मेथड दुसऱ्या पॅकेजमधून इन्व्होक() करण्याआधी सेटॲक्सेसिबल() करावे लागते, कारण तिचा क्लास दिसत नाही.

इंटरफेसच्या डिफॉल्ट मेथड्स या फेऱ्यात येतच नाहीत, कारण गेटसुपरक्लास() इंटरफेसकडे जात नाही. त्या हव्या असतील तर क्लासचा फेरा संपल्यावर गेटइंटरफेसेस() मधून वेगळा फेरा मारा, आणि त्यातही आधी खालचे इंटरफेस घ्या. नुसत्या पब्लिक मेथड्स पुरत असतील तर हा सगळा खटाटोप सोडा: गेटमेथड्स() डिफॉल्टसकट देते, इझडिफॉल्ट() ने त्या वेगळ्या करता येतात. इंटरफेसमधल्या स्टॅटिक मेथड्स मात्र क्लासला वारशाने मिळत नाहीत, त्यामुळे तिथे दिसल्या नाहीत तर बग समजू नका.

‘ही मेथड ओव्हरराइड आहे का’ हा वेगळा प्रश्न वारंवार येतो, आणि लोक सहज @ओव्हरराइड शोधायला जातात. ते अनोटेशन (कोडवर लावलेली खूण) फक्त सोर्सपुरते आहे. कंपाइल झाल्यावर क्लास फाइलमध्ये उरतच नाही, म्हणून रनटाइमला कधीच सापडणार नाही. जावाच्या रिफ्लेक्शनमध्ये यासाठी तयार मेथड नाही. वर चढत प्रत्येक पालकावर त्याच नावाने आणि पॅरामीटरने गेटडिक्लेअर्डमेथड() विचारायचे, सापडलेली मेथड प्रायव्हेट किंवा स्टॅटिक नाही ना ते पाहायचे, आणि इंटरफेसही विचारायचे. एवढेच.

अनोटेशनवरून मेथड्स निवडणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. @इनहेरिटेड फक्त क्लासवरच्या अनोटेशनला लागू पडते, मेथडवरच्या नाही. पालकाच्या जतन() वर तुमचे अनोटेशन आहे आणि मुलाने ती ओव्हरराइड करताना ते पुन्हा लिहिले नाही, तर मुलाच्या मेथडवर ते नाही. दुसरी गोष्ट उलटी: जावा ८ च्या कंपायलरपासून खऱ्या मेथडवरची अनोटेशन ब्रिजवरही उतरवली जातात. त्यामुळे ‘माझे अनोटेशन असलेल्या सगळ्या मेथड्स’ असा शोध घेतला तर प्रत() दोनदा सापडते, हँडलर दोनदा नोंदला जातो आणि एकच घटना दोनदा हाताळली जाते. हा दोष रिफ्लेक्शनच्या कोडमध्ये क्वचितच शोधला जातो. सगळे घटना पाठवणाऱ्या कोडकडे बोट दाखवत बसतात.

प्रॉक्सी हे आणखी एक दुखणे. स्प्रिंग किंवा हायबरनेट (डेटाबेसची लायब्ररी) यांच्याकडून आलेल्या ऑब्जेक्टवर गेटक्लास() केले की मिळतो तो तुमचा क्लास नसतो, रनटाइमला तयार झालेला त्याचा सबक्लास असतो. त्यावरचे गेटडिक्लेअर्डमेथड्स() प्रॉक्सीच्या मेथड्स देते: तुमच्या काही ओव्हरराइड केलेल्या, काही प्रॉक्सीच्या स्वतःच्या, आणि अनोटेशन गायब. स्प्रिंगच्या प्रॉक्सीत क्लासच्या नावात $$ दिसले की ओळखावे. स्प्रिंगमध्ये क्लासयुटिल्सचे गेटयुझरक्लास() किंवा एओपीयुटिल्सचे गेटटार्गेटक्लास() खरा क्लास देते. जावाच्या स्वतःच्या डायनॅमिक प्रॉक्सीसाठी प्रॉक्सी.इझप्रॉक्सीक्लास() आहे, तिथे सुपरक्लासकडे जाऊन उपयोग नाही, इंटरफेसच पाहावे लागतात.

सी-शार्पकडे वळू. तिथे काही गोष्टी जावापेक्षा सोप्या, काही नुसत्या वेगळ्या. पॅरामीटरशिवायचे गेटमेथड्स() वारशासकट पब्लिक मेथड्स देते. ऑब्जेक्टच्या त्यात चार: इक्वल्स, गेटहॅशकोड, गेटटाइप, टूस्ट्रिंग. वारसा तोडायला डिक्लेअर्डओन्ली. पण फक्त तेवढाच फ्लॅग दिला तर रिकामी ॲरे हातात येते, आणि नवख्यांचा अर्धा दिवस इथेच जातो. फ्लॅग दिले की इन्स्टन्स किंवा स्टॅटिक यांपैकी एक, आणि पब्लिक किंवा नॉनपब्लिक यांपैकी एक द्यावाच लागतो. स्वतःच्या सगळ्या मेथड्स हव्या असतील तर पाचही जोडा: डिक्लेअर्डओन्ली, इन्स्टन्स, स्टॅटिक, पब्लिक, नॉनपब्लिक.

मग यादीत गेट_ आणि सेट_ ने सुरू होणाऱ्या मेथड्स दिसतील. त्या प्रॉपर्टींच्या आहेत. इझस्पेशलनेम खरे असलेल्या वगळा, पण त्यासोबत ऑपरेटर ओव्हरलोड आणि इव्हेंटच्या ॲड_, रिमूव्ह_ ही जातात हे ध्यानात असू द्या. लोकल फंक्शनच्या मेथड्सची नावे टोकदार कंसाने सुरू होतात. त्यांच्यावर कंपायलरजनरेटेड ॲट्रिब्यूट (जावाच्या अनोटेशनसारखी खूण) असते, त्यावरून गाळा.

ओव्हरराइड ओळखायला इथे थेट सोय आहे. गेटबेसडेफिनिशन() ने मिळालेल्या मेथडचा डिक्लेअरिंगटाइप आणि मूळ मेथडचा डिक्लेअरिंगटाइप वेगळे असतील तर ते ओव्हरराइड. ‘न्यू’ लिहून पालकाची मेथड झाकली असेल तर मात्र ती स्वतःलाच बेस मानते, आणि वारशासकट मागवलेल्या यादीत झाकलेली आणि झाकणारी अशा दोन्ही दिसतात. नाव आणि पॅरामीटरवर गट पाडून सगळ्यात खालच्या टाइपची ठेवणे हाच उपाय. डिक्लेअरिंगटाइप ऐवजी चुकून रिफ्लेक्टेडटाइपशी तुलना केली तर फिल्टर काहीच गाळत नाही, कारण रिफ्लेक्टेडटाइप म्हणजे ज्या टाइपवर तुम्ही यादी मागितली तोच टाइप.

इंटरफेसवर गेटमेथड्स() केले तर पालक-इंटरफेसच्या मेथड्स मिळत नाहीत. इथे प्रश्न उलटा होतो, गाळण्याऐवजी गोळा कराव्या लागतात: गेटइंटरफेसेस() घेऊन प्रत्येकाच्या जोडा. बेस क्लासच्या स्टॅटिक मेथड्ससाठी फ्लॅटनहायरार्की लागतो. बेसच्या प्रायव्हेट मेथड्स मात्र सबक्लासवर कोणत्याही फ्लॅगने येत नाहीत. बेसटाइपवर जाऊन मागाव्या लागतात. ॲट्रिब्यूटचे वागणेही जावाच्या उलट: मेथडवर ‘इनहेरिट’ खरे देऊन मागितले तर ओव्हरराइडची साखळी पाहिली जाते, पण प्रॉपर्टीवर तोच पॅरामीटर चक्क दुर्लक्षिला जातो. प्रॉपर्टीसाठी ॲट्रिब्यूट क्लासची स्टॅटिक गेटकस्टमॲट्रिब्यूट्स() वापरा.

पायथनमध्ये डिर() पूर्ण वंशावळ चाळते, व्हार्स(क्लास) फक्त त्या क्लासचा शब्दकोश देते. त्या शब्दकोशात स्टॅटिकमेथड आणि क्लासमेथड गुंडाळलेल्या स्वरूपात असतात, म्हणून इन्स्पेक्ट.इझफंक्शन() च्या चाळणीतून त्या सुटतात. मेथड कुठल्या क्लासची आणि कुठल्या प्रकारची, हे दोन्ही हवे असेल तर इन्स्पेक्टमधले क्लासिफाय_क्लास_ॲट्र्स() वापरा. ते डिफायनिंग_क्लास सकट उत्तर देते आणि फार कमी लोकांना माहीत आहे. __क्वालनेम__ मधून क्लासचे नाव कापून घेण्याची युक्ती डेकोरेटर लागले किंवा मेथड बाहेरून चिकटवली की चुकते. आणि गेटमेंबर्स() क्लासवर चालवा, ऑब्जेक्टवर नाही: ऑब्जेक्टवर चालवले तर प्रत्येक प्रॉपर्टी खरोखर मोजली जाते, आणि त्यातली एखादी डेटाबेसला जाऊन येत असेल तर नुसत्या यादीपायी तो फेरा पडतो. ३.११ पासून यासाठी गेटमेंबर्स_स्टॅटिक() आहे.

रुबीत इन्स्टन्स_मेथड्स(फॉल्स) ने भागते. मेथडचा ओनर विचारला की क्लास किंवा मिसळलेले मॉड्यूल कळते. पीएचपीत रिफ्लेक्शनमेथडची ‘क्लास’ ही प्रॉपर्टी तुमच्या क्लासच्या नावाशी ताडून पाहायची. ट्रेटमधून (अनेक क्लासमध्ये वापरता येणाऱ्या मेथड्सच्या संचातून) आलेली मेथड मात्र ट्रेटच्या नव्हे, वापरणाऱ्या क्लासच्या नावावर दिसते, त्यामुळे ट्रेट गाळायचे असतील तर ट्रेटच्या मेथड्स वेगळ्या मागवून वजा कराव्या लागतात. जावास्क्रिप्टमध्ये प्रोटोटाइपवर गेटओनप्रॉपर्टीनेम्स() घ्या आणि त्यातून कन्स्ट्रक्टर वगळा. क्लासच्या मेथड्स फॉर-इनमध्ये दिसतच नाहीत.

परत जावा, आणि चालत्या प्रकल्पात अडणाऱ्या काही बाबी. गेटडिक्लेअर्डमेथड्स() कोणत्या क्रमाने मेथड्स देईल याची हमी नाही. जावा ७ मध्ये तो क्रम बदलला तेव्हा क्रमावर विसंबलेल्या टेस्ट कोसळल्या, आणि जेयुनिट ४.११ मध्ये ठरावीक क्रम लावण्याची सोय आली. यादी कुठे छापणार, हॅश करणार किंवा तुलना करणार असाल तर नाव आणि पॅरामीटरवर सॉर्ट करून घ्या.

एखाद्या मेथडच्या पॅरामीटरचा क्लास क्लासपाथवर नसेल तर ती एकच मेथड वगळली जात नाही. पूर्ण गेटडिक्लेअर्डमेथड्स() नोक्लासडेफफाउंड एरर देऊन पडते. ही एरर आहे, एक्सेप्शन नाही, म्हणून नेहमीच्या कॅच-एक्सेप्शनमध्ये सापडत नाही. ऐच्छिक डिपेन्डन्सी असलेली जार स्कॅन करताना ती वेगळी पकडा आणि त्या क्लासचे नाव लॉगमध्ये टाका.

मॉड्यूलच्या भिंतीमुळे यादी मिळणे आणि मेथड चालवता येणे या आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जावा १६ पासून जेडीकेच्या (जावाच्या स्वतःच्या लायब्ररीच्या) आतल्या प्रायव्हेट मेथडवर सेटॲक्सेसिबल() केले तर सर्वसाधारणपणे इनॲक्सेसिबलऑब्जेक्ट एक्सेप्शन येते, यादी मात्र विनातक्रार मिळते. जेडीकेच्या क्लासपाशी पोचण्याआधीच फेरा थांबवणारा थांबा-क्लास इथेही उपयोगी पडतो. नाहीतर ट्रायसेटॲक्सेसिबल() वापरून उत्तर खोटे आले की ती मेथड सोडून द्यायची.

आणि प्रत्येक हाकेला गेटमेथड्स() नवी ॲरे आणि नवे मेथड-ऑब्जेक्ट बनवून देते. गाळलेली यादी क्लासगणिक एकदाच तयार करून ठेवा. स्टॅटिक हॅशमॅपमध्ये क्लास ही किल्ली ठेवली तर पुन्हा डिप्लॉय केल्यावर जुना क्लासलोडर मेमरीत अडकून राहतो. जावा ७ पासून असलेला क्लासव्हॅल्यू याच कामासाठी आहे, तो वापरा.